सगळ्यात मोठा पॉवर दाखव

बारा वर्षं एकाच काउंटरमागे उभं राहिलं की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साठतात, गुडघेदुखीसारखे. माझं दोन्ही साधारण एकाच सुमाराला सुरू झालं.

आमचं दुकान दुबईत, देऱ्याला. शिकारीचं सामान मिळतं. बूट, तंबू, ससाण्यांच्या डोळ्यांवर चढवायचे चामड्याचे टोप, आणि माझ्या काउंटरवर रायफलवर बसवायच्या दुर्बिणी, म्हणजे स्कोप. इथे शिकार करायची सोय नाही, त्यामुळे आमची गिऱ्हाइकं विमानात बसून आफ्रिकेला नाहीतर युरोपात जातात. मी स्वतः चिपळूणचा, राहायला शारजात अल नहदाला, आणि आयुष्यात डास सोडून काही मारलेलं नाही.

गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "सबसे बड़ा पावर दिखाओ."

मग माझी टेप सुरू होते. पॉवर वाढवला की वस्तू जवळ दिसते, कबूल. पण जितकं जवळ, तितकं थोडं दिसतं. संध्याकाळी अंधारून येतं. हात जरासा हलला तरी आतलं चित्र धडाधड हलतं. रानात शे-दोनशे मीटरवरच्या जनावराला चार ते नऊ पॉवर पुष्कळ झाला. पंचवीस कशाला हवा? हे सगळं ऐकून माणूस मान डोलावतो आणि म्हणतो, "ठीक है, पच्चीसवाला दिखाओ."

*

एक पोरगेलासा गडी आला होता. मी नऊ पॉवरचा स्कोप हातात दिला तर फिदीफिदी हसायला लागला. खिशातून फोन काढला आणि म्हणाला, "माझ्या फोनच्या कॅमेऱ्याला शंभर आहे. तुझ्या एवढ्या मोठ्या नळीला फक्त नऊ?"

मी म्हटलं, मग फोनच बांधा रायफलला. माझ्या मागे उभ्या असलेल्या आमच्या मॅनेजरने हे ऐकलं.

*

मॅनेजरचं नाव हानी. इजिप्तचा माणूस, अंगाला सतत अत्तराचा वास, चेहऱ्यावर सतत डोकेदुखी. त्या दिवशी त्याने मला केबिनमध्ये बोलावलं. मोठा स्कोप घ्यायला आलेला माणूस तुझ्याकडून छोटा घेऊन जातो, हे मी कधीपासून बघतोय, म्हणाला. मी तुला विकायला ठेवलंय, शिकवायला नाही. यापुढे एक जरी गिऱ्हाईक खाली उतरवलंस तर काउंटर खलास, जबल अलीच्या गोदामात जायचं.

गोदाम म्हणजे दहाच्या दुकानाऐवजी पहाटे कंपनीची बस, दिवसभर खोकी, आणि काउंटरचं कमिशन बंद. लेक यंदा दहावीला. घरी येऊन सांगितलं तर बायको कणीक मळता मळता म्हणाली, "अहो, मग विका ना मोठा! तुमचं काय जातंय?"

खरंच, माझं काय जात होतं? मी ठरवून टाकलं की शहाणपणा बंद.

*

आणि बंद ठेवला. एकजण रानडुकराच्या शिकारीला निघाला होता, घनदाट जंगलात. त्याने पंचवीसवाला मागितला, मी "येस सर" म्हणून बांधून दिला. हानी खूश झाला.

महिन्याभराने माणूस परत आला. मी विचारलं, कशी झाली शिकार? त्याने काउंटरवर कोपर टेकलं. मग म्हणाला, डुक्कर आलं होतं, अगदी जवळ आलं होतं, मी स्कोपला डोळाही लावला.

"मग?"

"केस दिसले. कुठल्या बाजूचे, ते कळेपर्यंत डुक्कर गेलं."

*

दुसरा एक वाळवंटात निशाण्याचा सराव करायला गेला, तोही जूनमध्ये, भर दुपारी. पंचवीस पॉवरमधून तापलेल्या वाळूची धगसुद्धा मोठी होऊन दिसते. त्याला समोरचं टार्गेट पोहताना दिसलं. तो सरळ दुकानात आला आणि म्हणाला, स्कोपच्या आत पाणी गेलंय.

पूर्वीचा मी असतो तर तासभर समजावलं असतं. आता बदलून दिला. पुढच्या आठवड्यात तोही परत आला, त्यातही पाणी! हानीने तिसरा द्यायला लावला. मग माणूस गायब झाला तो एकदम जानेवारीत उगवला, खजुराचा डबा घेऊन. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "अब रिपेअर हो गया, हबीबी." मी खजूर खाल्ले.

*

आता वाटेल की अरबच तेवढे असे. तर आमच्या बिल्डिंगमधले कुलकर्णी ऐका. पुण्याचे, मोठ्या कंपनीत अकाउंट्सला. वहिनींची दर महिन्याची संकष्टी, आणि इकडे चंद्र सापडणं म्हणजे दिव्य. समोर टॉवर, वर धुळीचा पडदा. वहिनी ताट वाढून बसतात आणि कुलकर्णी गॅलरीतून आकाश चाळतात.

म्हणून ते माझ्याकडे आले. साधी बायनॉक्युलर घ्या म्हटलं, तर म्हणाले, "छे, तुमचा तो क्रॉसवाला द्या. चंद्र बरोब्बर मध्ये पकडता येईल. आणि पॉवर सगळ्यात मोठा." मी तोंड उघडलं, हानीकडे बघितलं, आणि मिटलं.

त्या संकष्टीला त्यांनी मला मुद्दाम वर बोलावलं. कुलकर्णी सोवळं नेसून गॅलरीत, डोळ्याला स्कोप. आत मोदक गार होतायत. पंचवीस पॉवरमधून आकाशाचा दिसतो अंगठ्याएवढा तुकडा. ते डावीकडे जात होते, उजवीकडे जात होते, घाम पुसत होते. वहिनी भुकेने काकुळतीला आलेल्या. शेवटी त्यांची धाकटी मुलगी पाणी प्यायला बाहेर आली, तिने एकदा वर बघितलं आणि म्हणाली, "Papa, it's right there."

कुलकर्णींनी डोळा न काढता विचारलं, "कुठल्या पॉवरला?"

*

शेवटचा किस्सा गेल्या हिवाळ्यातला.

हमद नावाचं आमचं जुनं गिऱ्हाईक वडिलांना घेऊन आलं. म्हातारबाबांना सगळे अबू हमद म्हणत. जन्मभर शिकार केलेला माणूस. म्हातारबाबा गहवा, म्हणजे अरबी कॉफी, पीत बसले तेव्हा हमदने मला बाजूला घेतलं. पुढच्या आठवड्यात आम्ही भावंडं टांझानियाला चाललोय, म्हणाला. बाबांना यायचंय, पण भाऊ नको म्हणतायत. वय झालं, हात चालतील का, शंका आहे. मी भावांना म्हटलं, दुकानात बघू. इथे नीट धरता आलं तर नेतो, नाहीतर घरी ठेवतो. नजर कमी झालीय त्यांची, तेव्हा सगळ्यात मोठा पॉवर दाखव.

हानी माझ्या पाठीशीच उभा होता. मी पंचवीसवाला काढला.

आमच्याकडे बघायला लाकडी बंदूक असते, तिच्यावर स्कोप बसवून देतो. समोर रस्त्यापलीकडे फार्मसी आहे, तिच्या पाटीवर नेम धरायचा. अबू हमदनी बंदूक खांद्याला लावली. बाहेरून बघणाऱ्याला काही वावगं दिसलं नसतं. मला नळीचं टोक दिसत होतं. तांदळाच्या दाण्याएवढं हलत होतं. पंचवीस पॉवरच्या आत त्या दाण्याचा भूकंप होतो.

त्यांनी डोळे चोळले. पुन्हा बघितलं. मग बंदूक खाली ठेवून म्हणाले, "ये खराब है."

हमदने घेऊन बघितलं. म्हणाला, ठीक तर आहे. हानी धावत जाऊन त्याहून महागडा घेऊन आला. "ये भी खराब है." तिसरा आणला. तोही खराब. मग हमदने इतका वेळ हातात असलेला फोन खिशात टाकला आणि पहिल्यांदा वडिलांच्या हातांकडे बघितलं. म्हातारबाबांनी दोन्ही हात अंगातल्या पायघोळ कंदुऱ्याच्या बाह्यांत ओढून घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

मानेमागे हानीच्या अत्तराचा वास येत होता. माझ्या डोळ्यांपुढे पहाटेची बस आली, लेकीची दहावी आली. मला फार थकल्यासारखं झालं.

"सर, बाबा सही बोल रहे हैं," मी हमदला म्हटलं. "हा लॉटच खराब आलाय. आतली काच सैल आहे. कधी हलते, कधी नाही."

मग सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून जुना, साधा, चार पॉवरचा स्कोप काढला. अबू हमदनी बंदूक पुन्हा उचलली. या वेळी बराच वेळ बघत राहिले.

"फार्मसी," ते म्हणाले. "उसके नीचे सीढ़ी. सीढ़ी पे बिल्ली. बिल्ली सोती है."

हमदने श्वास सोडला. फोन काढून भावांशी अरबीत काहीतरी बोलला आणि हसला. मी एवढंच सांगितलं की तिकडे बंदूक टेकवायला तीन पायांचा स्टँड असतो, तो रोज वापरा. निघताना अबू हमदनी हात पुढे केला. तो माझ्या हातात थरथरत राहिला. त्यांनी काढून घेतला नाही, मीही सोडला नाही.

दार बंद झालं. हानी पुढे आला. त्याने पंचवीसवाला लाकडी बंदुकीवर चढवला, कोपरं काउंटरवर टेकली आणि फार्मसीकडे बघितलं. मग दुसरा. मग तिसरा, तो तर कितीतरी वेळ. मी उभाच होतो.

मग त्याने खराब मालाचे लाल स्टिकर काढून तिन्ही खोक्यांवर स्वतःच्या हाताने चिकटवले, ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाला, हे जबल अलीला.

"आणि मी, सर?"

तो डोकं दाबत केबिनकडे निघाला होता. वळून बघितलंसुद्धा नाही.

"मांजर अजून झोपलेलीच आहे," म्हणाला. "उद्या दहाला ये."