मांडवातलं आवतण आणि गायब मॉड्यूल्स

आधीच सांगून ठेवते — नजर, उतारा, अंगात येणं, यातलं काहीही मला पटत नाही. लिंबू मी फक्त सरबतात पिळते. पनवेलला एका छोट्या ऑफिसात लिनक्स सर्व्हर सांभाळते, करंजाड्याला राहते, आणि काही बिघडलं की लॉग वाचते. लॉगमध्ये कारण सापडतंच... निदान तोपर्यंत तरी सापडत होतं.

माझ्या चुलतभावाची, राकेशची हळद होती. आमचं गाव उलव्याच्या बाजूला. आम्हा आगऱ्यांत लग्नापेक्षा हळद मोठी, हे काय वेगळं सांगायला हवं? बँडवाले सकाळपासूनच येऊन बसलेले, मांडवात पोरं आत्तापासूनच नाचत होती. सगळं होतं, फक्त राकेशचा मोठा भाऊ जितूदादा नव्हता. तो मालवाहू जहाजावर इंजिनात कामाला. काका गेल्यावर राकेशला त्यानेच शिकवलं, वाढवलं, आणि नेमका याच वेळी तो भर समुद्रात! काकीने जाहीर करून टाकलं होतं, "जितू दिसल्याबिगर मी हलद लावनार नाय."

जहाजाच्या नेटवर नेहमीचे व्हिडिओ कॉल चालत नाहीत. म्हणून मी एका भाड्याच्या सर्व्हरवर आमच्या घरापुरता व्हिडिओ कॉल उभा केला. चाचणी घेतली, दादा दिसला, काकी खूश. आणि मग मी शहाणीने हळदीच्याच सकाळी सर्व्हरला अपडेट मारलं! (ऐनवेळी अपडेट मारू नये, माहीत आहे. कमेंटमध्ये खुशाल शिव्या घाला.)

अपडेटनंतर फायरवॉलने, म्हणजे सर्व्हरच्या राखणदाराने, दादाचा रस्ता बंद केला. म्हटलं, ठीक आहे, उघडू. सर्व्हर सांभाळायचं एक वेब पॅनल असतं, त्याच्या डाव्या बाजूला मॉड्यूल्सची यादी — युजर्स, नेटवर्क, वेबसर्व्हर, टर्मिनल, फायरवॉल. ज्याचं काम त्या मॉड्यूलवर क्लिक करायचं. पॅनल उघडलं तर यादी कोरी करकरीत. एकही मॉड्यूल नाही! रिफ्रेश केलं, ब्राउझर बदलला, सर्व्हर रीस्टार्ट केला... ढिम्म. थेट लॉगिन करायला जावं तर तोही रस्ता त्याच फायरवॉलने अडवलेला. म्हणजे चावी घरात आणि आपण दाराबाहेर. सपोर्टवाल्यांचं आपलं एकच, थांबा.

"श्वेते, दिसला का गो जितू?" काकी.

"होतंय काकी, थोडं थांब."

"मंगाधरनं थोडाच चाललाय तुजा. जल्ला तो कंपुटर!"

इतक्यात हिराबाय उभी राहिली. हिराबाय आमची धवलारीण, म्हणजे लग्नाची गाणी गाऊन विधी लावणारी बाई. मांडवात ती आधी देवांना गाऊन आवतण देते, लग्नाला या म्हणून. तिने सूर लावला, पहिलं आवतण गावदेवीला. मी लॅपटॉपकडे बघत होते, आणि यादीत एक ओळ उमटली. युजर्स. मी कशालाही हात लावला नव्हता!

म्हटलं, चला, उशिरा का होईना रिफ्रेश झालं. हिराबायने वेशीवरच्या देवाला बोलावलं, नेटवर्क आलं. खाडीला बोलावलं, वेबसर्व्हर आला. मग वाडवडील... टर्मिनल. आवतण संपलं की ओळ येई, मध्ये नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि खरं सांगू? हसूही येत होतं. टर्मिनलमध्ये सर्व्हरला थेट हुकूम टाइप करता येतात, म्हणून त्यावर लगेच झडप घातली, पण ते नुसतं काळं, एक अक्षर उमटेना. फायरवॉलचा तर पत्ताच नाही. आणि हिराबाय थांबली.

"झालं?" मी ओरडलेच. "हिराबाय, अजून कुणी राहिलंय का गो?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कंप्युटरवाली श्वेता, आणि आवतणाची चौकशी करतेय! हिराबायने मात्र मांडवभर नजर फिरवली आणि काकीला विचारलं, "थोरल्याला आवतन दिलास का?"

"घरच्या पोराला कसला आवतन?"

"घरात आसता त नसता लागला. उंबऱ्याभायेर हाय ना तो? दे त्याला."

काकीला गाता येत नाही. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला, खाडीकडे तोंड केलं आणि भांडायला उठावं तशा खणखणीत आवाजात हाक मारली, "जितू... भावाच्या हलदीला ये रं, बाला!"

फायरवॉल.

मी क्लिक केलं. नवा नियम घालून दादाचा रस्ता उघडायला दोन-चार मिनिटं गेली, आणि तो उघडताच दादा दिसला. कामाच्या बॉयलर सूटमध्ये, जहाजाच्या स्वयंपाकघरातली हळद सकाळीच गालांना चोपडलेली, मागे दोन-तीन सहकारी दात काढतायत. मांडवात जो काय गलका उठला! बँडवाल्यांना कुणी सांगितलंही नाही, त्यांनी सुरूच केलं. राकेश नवरदेव असून ढसाढसा रडला. काकीने पहिली हळद माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनला लावली, दादाच्या गालावर, मग राकेशला. मीही नाचले. चांगली दणकून नाचले.

नंतर ऑफिसात सांगितलं तर साहेब म्हणाले, कॅशे असेल, मॉड्यूल्स हळूहळू लोड झाली असतील. असतीलही. लॉग मी कितीदा तरी चाळला. मॉड्यूल्स का गेली याची नोंद नाही, परत कशी आली याचीही नाही.

पण एक गोष्ट साहेबांना सांगितली नाही, सांगून काय उपयोग? कॉल जोडला गेला तेव्हा दादाला धाप लागली होती. लिंक लागत नाही म्हणून कंटाळून तो खाली इंजिनात कामाला गेला होता. तिथे इतका आवाज की कानांवर मफ लावून काम करतात, आणि फोन तर वर केबिनमध्ये. त्याचं पहिलं वाक्य आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"आये, काय झालं गो? एवढ्या मोठ्यांदा हाक का मारलीस? धावत वर आलो मी."

"हलदीला ये म्हनून," काकी म्हणाली, आणि हळदीची वाटी पुढे ओढली.