खेकड्यांनी दारं लावली तेव्हा

पिंप्राळ्यातल्या माझ्या खोलीत, स्पिरिटच्या वासात बसून मी चिखलातले किडे निवडते. नातेवाइकांना एवढंच सांगते. ‘खाडीतल्या समुद्री गवतात राहणारे बिनकण्याचे प्राणी’ म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग लग्नाचं विचारतो. ते गवत बोटभरही उंच नसतं, पण त्याच्या पानांवर बारीक गोगलगायी चरतात, मुळांशी नळ्या करून अळ्यांसारखे जीव राहतात, शिवाय शिंपले, खेकडे, टुणटुण उडणारे काही. मोजणीसाठी चिखलावर ठेवतात त्या वीतभर चौकटीत अख्खं गाव नांदतं. ती लोखंडी चौकट खाली ठेवण्याआधी अजून मी समुद्राकडे बघून घेते.

कोकणातल्या त्या खाडीवर मी पहिल्यांदा गेले ती आबांना घेऊन. आबा म्हणजे माझे वडील. धरणगावकडे कापूस करतात. तरुणपणी त्यांनी गिरणा नदीच्या वाळूत टरबुजं लावली होती, त्यामुळे ओल्या जमिनीतलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा ठाम समज. पोरीला एकटीला पाठवायचं नाही, हेही त्यांनीच ठरवलेलं.

ओहोटीला काठ आणि गवत यांच्या मधला चर घोटाभर पाण्यातून ओलांडून आम्ही गवतावर पोचलो. भरतीची वेळ माझ्या वहीत लिहिलेली होती. पण काम सुरू झालं की मला घड्याळ सुचत नाही, म्हणून आबांना म्हटलं, तुम्ही पाण्याकडे लक्ष ठेवा.

“तू तुनं काम कर. पानीकडे मी देखस.”

मी उकिडवी बसले. चौकट ठेवायची, आतला चिखल चाळणीत घ्यायचा, धुवायचा, उरेल ते बरणीत. शेवटच्या चौकटीपाशी खेकड्यांची गडबड उडाली. एकेक जण बिळात शिरून आतून चिखलाच्या गोळीनं तोंड बंद करत होता. आबा क्षणभर वाकले. “ह्या बठ्ठा दार लाई ऱ्हायनात,” ते कौतुकानं म्हणाले. मी ते सुवाच्य अक्षरात वहीत टिपून घेतलं. भरती यायच्या आधी खेकडे दारं लावतात, आपण तेच लिहितोय हे जिला कळलं नाही, तिला विद्यापीठ पदवी देणार आहे.

मान वर केली तर चर दिसेना. तिथे रुंद पाणी पसरलं होतं, आणि ते समुद्राकडून, आबांच्या पाठीमागून आलं होतं. आबा डोंगराकडे तोंड करून इमानानं उभे. नदीचं पाणी वरून येतं. त्यांच्या गावात ते दुसरीकडून कधी आलेलंच नाही.

आम्हा दोघांनाही पोहता येत नाही. आबांनी उपरण्याचं एक टोक माझ्या मनगटाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि बरण्यांची बादली डोक्यावर घेतली. पाणी छातीला लागलं. खालचा चिखल पाय सोडेना. बादली टाका, मी ओरडत होते. त्यांनी टाकली नाही. मध्यावर त्यांचा पाय रुतला आणि ते खाली गेले. वर फक्त बादली आणि तिला धरलेले दोन हात. माझ्या किड्यांपायी माझा बाप बुडतोय, एवढा एकच विचार डोक्यात होता, आणि मी वेड्यासारखी उपरणं ओढत होते.

पाय सुटला तसे ते वर आले, आणि काठावर खूप वेळ खोकत राहिले. “मी ते वरेच देखी ऱ्हायंतू,” इतकंच बोलले. घरी आईला त्यांनी समुद्र खारट असतो एवढंच सांगितलं.

पुढच्या महिन्याची फेरी आली तशी मी धरणगावला गेले. आबा कपाशीत निंदत होते. या वेळी कॉलेजातली एक मैत्रीण सोबत येतेय, तुम्ही राहू द्या, असं मी सांगितलं. अशी कुणी मैत्रीण नव्हती. त्यांना परत त्या पाण्यात उभं करायची मला हिंमत नव्हती.

त्यांनी मान वर केली नाही. “तिले सांगजो,” ते म्हणाले, “पानी खालतीन येस.”

सांगते, असं मी म्हणाले, आणि एकटीच गेले.