आख्खे वळणारे वस्ताद

कासारवाडीचे वस्ताद मान वळवत नसत. मागून हाक मारली की पायापासून डोक्यापर्यंत आख्खा माणूस वळायचा, बैलगाडी वळते तसा, जागा घेऊन. नव्या माणसाला वाटायचं, काय ताठा आहे. ताठा नव्हता. तरुणपणी कुस्तीत डोक्यावर पडले होते, तेव्हापासून मान होती तिथंच बसली. तालमीतली पोरं त्यांच्या मागं त्यांना खांब म्हणायची. त्यांना ते ठाऊक होतं. एकदा म्हणाले, "खांब म्हणा, पण खांबाला टेकून बसू नका. चला, जोर काढा."

रुळांच्या अलीकडे त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि मागं तालीम. पिंपरीला तेव्हा कंपनी उभी राहत होती. कामावर जाणाऱ्यांच्या चाकांवर त्यांचं घर चालायचं. तालमीत मारुतीची तसबीर उंच टांगलेली होती, ती त्यांनी खाली आपल्या डोळ्यांसमोर आणली. कुणीतरी कुरकुरलं, की मुसलमान माणसानं देवाला खाली ओढलं. वस्ताद म्हणाले, "मला वर बघता येत न्हाई. त्याला खाली येता येतं." 

दुसऱ्या तालमींत जिंकायला शिकवायचे. आमचे वस्ताद आधी पडायला शिकवायचे. नवा पोरगा आला की महिनाभर त्याला नुसतं पाडायचे. कुस्तीत पाठ मातीला लागली की माणूस चीत, म्हणजे हरला. म्हणून उचलून आपटला जाणारा पैलवान पाठ वाचवायला डोकं खाली टेकवतो. सगळे टेकवतात, त्याला मर्दानगी म्हणतात. वस्तादांना त्याच गोष्टीची चीड होती. ते ज्वारीच्या कडब्याचं वाळकं ताट जमिनीवर उभं धरायचे आणि वरून तळहातानं दाबायचे. कडकन मोडायचं. मग निरगुडीची ओली फोक घेऊन तिला जरा बाक द्यायचे आणि तशीच दाबायचे. ती लवायची आणि सोडली की परत उभी राहायची. म्हणायचे, "मानेला बाक हाय म्हणून ती मार सोसती. डोकं खाली घातलंस की बाक गेला, मान झाली ताटासारखी सरळ. वर आख्ख्या अंगाचं वजन. मोडंल न्हाई तर काय? पाठ दे. पाठीची माती झटकता येती."

आम्ही हसायचो. वस्ताद हरायला शिकवतात, असं थेरगावचा दगडू उघड म्हणायचा. दगडू माझा दोस्त, आमच्यात सगळ्यात तयार गडी.

थेरगावच्या जत्रेत दगडूची कुस्ती लागली मावळातल्या एका पैलवानाशी. घरचं मैदान, त्याचा बाप पुढंच बसलेला. त्या गड्यानं दगडूला खांद्यावर घेतला आणि टाकला. खाली येताना दगडूनं पाठ दिली नाही. हनुवटी छातीत घातली आणि टाळू टेकवली. वरून तो गडी अंगावर आला. आवाज मोठा झाला नाही. कडब्याचं ताट मोडावं तेवढाच झाला.

दगडू हलेना. बोलत होता, पण पाय कुठं आहेत म्हणून विचारत होता. लोक धावले. कुणी उभा करा म्हणत होतं, कुणी मान ओढून बसवायला हनुवटी धरायला निघालं होतं. वस्ताद मातीत आले, दगडूच्या डोक्यामागं बसले, दोन्ही तळहात त्याच्या कानांपाशी लावले आणि म्हणाले, "जो हात लावंल त्याचा हात मोडीन." हळूच बोलले. सगळे थांबले.

तेवढ्यात दगडूची बहीण हौसा गड्यांतून वाट काढत आली आणि भावाचं डोकं मांडीवर घ्यायला वाकली. वस्ताद म्हणाले, "पोरी, मांडीवर घेऊ नको. माझ्या हाताखाली हात घाल. हाय तसं धर. सरळ करू नको." तिनं धरलं. एका घराचं दार काढून आणेपर्यंत ती तशीच बसली. रडली नाही. मी तिला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली.

दारावर घालून आम्ही त्याला चिंचवडच्या ठेसनापर्यंत खांद्यावर नेला, तिथनं पुण्याच्या दवाखान्यात. ठेसनापर्यंत वस्ताद डोक्यापाशी आडवे चालले, हात न काढता. त्यांना खाली बघता येत नव्हतं, म्हणून मी सांगत होतो. दगड, वस्ताद. खड्डा, वस्ताद. एवढंच बोलणं झालं वाटेत.

दगडू जगला. बऱ्याच महिन्यांनी चालायलाही लागला, पण त्याच्या डाव्या हाताची मूठ कधी वळली नाही. त्याचा बाप लोकांना सांगायचा, माझा पोरगा चीत झाला नाही. वस्तादांच्या पुढ्यात एकदा म्हणाला. वस्ताद त्याच्याकडे आख्खे वळले आणि म्हणाले, "झाला असता तर आज दोन्ही हातांनी बैलाला पाणी पाजत असता." बाप उठून गेला. पुढं मात्र तालमीत पोरं पाडून घ्यायला कुरकुरली नाहीत.

हौसा माझी बायको झाली. लग्नाच्या पंगतीत वस्तादांना कुणीतरी टोकलं, की सारखे जिलबीच्या टोपल्याकडंच बघताय. म्हणाले, "मान तिकडंच बसली, मी काय करू?" हौसा पदराआड हसली.

वस्ताद पुढं तापानं गेले. मी कबरस्तानात होतो. त्यांच्यात मेलेल्या माणसाचं तोंड पश्चिमेला करतात. पुतण्या खाली उतरला, त्यानं चेहरा वळवून बघितला. वळेना. मग दोघांनी मिळून वस्तादांना आख्खं कुशीवर केलं. जिवंतपणी वळायचे तसेच वळले.

हौसा गेल्या वर्षी गेली. शेवटी तिच्या मानेत जीव राहिला नव्हता, पाणी पाजताना डोकं मीच धरायचो. गेल्यावर बायका तिला अंघोळीला उचलायला आल्या आणि डोकं मागं लटकलं. मी दोन्ही तळहात तिच्या कानांपाशी लावले. म्हटलं, हळू. एकजण म्हणाली, "आबा, आता तिला काय दुखतंय? सोडा." मला ते कळत होतं. मी हात काढले नाहीत. त्या उचलून चालल्या, मी डोक्यापाशी आडवा चालत गेलो. उंबरा कुठं आहे ते सांगायला कुणी नव्हतं.