उपोसथाच्या दिवशीची साखर

मी चमत्कार मानत नाही. आमच्या धम्मात त्याला जागा नाही, आणि गंडेदोरे, लिंबू-मिरच्या, भोंदू वैदूंची चूर्णं यांच्याविरुद्ध मी धाड गावच्या आठवडी बाजारात पत्रकं वाटत घसा फोडते. तरी हे लिहायला बसले आहे, कारण एका पौर्णिमेला माझे बाबा माझ्याच पत्रकामुळे माझ्या खांद्यावर विझत चालले होते, आणि त्यांना वाचवणारी मी नव्हते.

पत्रकाचं नाव ‘साखर हरवा!’ मधुमेहावरचं नवं संशोधन मी वाचलं होतं. वजन उतरवलं, यकृतातली आणि स्वादुपिंडातली चरबी गेली, की काही जणांचा मधुमेह इतका मागे हटतो की औषधंही सुटतात. वाचून मी पेटलेच. लोक जन्मभर गोळ्या गिळतात आणि त्यांना हे कुणी सांगत नाही? त्या संतापात ‘काही जणांचा’ हे दोन शब्द मी गाळले आणि ठळक छापलं: कमी खा, उपास करा, साखर म्हणजे विष. बाबांना कित्येक वर्षांपासून मधुमेह, रोज सकाळी इन्सुलिन, अंगावर मूठभर मांस नाही. तरी पहिली प्रत त्यांनाच दिली. चष्मा लावून त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “तू लिवलं म्हंजे खरंच असन, माय.” त्या दिवसापासून दोन भाकरींची एक झाली, मग अर्धी. मला अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज लाज वाटते.

पौर्णिमेला बाबा उपोसथ धरतात, दुपारनंतर जेवत नाहीत. त्या दिवशी सकाळी इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं, भाकरी मात्र अर्धीच. विहारातल्या संध्याकाळच्या वंदनेसाठी आम्ही धाडहून बुलडाण्याच्या जीपमध्ये बसलो, पत्रकांचा गठ्ठा माझ्या मांडीवर. गाव मागे पडलं आणि बाबा काहीबाही बरळू लागले. सदरा घामानं चिंब. मला आईच्या नावानं हाक मारली. आई जाऊन सहा वर्षं झालीत.

“टाकून आला वाट्टे बुढा,” मागून एकजण हसला. ड्रायव्हर ओरडला, “ओकला तं शीट कोन धुईन बे? उतरवा त्याले!” माझ्या बापानं पंचशील मोडून उभ्या जन्मात थेंब घेतला नाही. मी भांडायला उठले. खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांच्या जिवापेक्षा त्यांची अब्रू मोठी वाटली.

समोर कपाळभर कुंकू लावलेली एक बाई बसली होती, कुठल्याशा देवदर्शनाहून परतणारी. तिनं पिशवीतून प्रसादाच्या साखरेची पुडी काढली. मी तिचा हात अडवला. “आम्ही प्रसाद घेत नाही. आणि बाबांना साखर चालत नाही.”

“तुह्या नेमाले मी हात लावत नाही वं पोरी,” ती म्हणाली. “पण याचे हात पाह्य, गार पडले. साखर उतरली याची. माह्या घरच्यायले असंच होते. परसाद म्हनू नोको, दवाई म्हन. गिळून राह्यला तोवर पाजू दे, मंग काईच पाजता येनार नाही!”

मी हात बाजूला घेतला. तिनं आपल्या बाटलीतल्या पाण्यात साखर विरघळवली. त्यानंतर मला फक्त बाटलीच्या झाकणातलं साखरपाणी दिसत होतं आणि बाबांचे ओठ. एक झाकण, दुसरं, तिसरं. मी मोजत होते, कशासाठी ते ठाऊक नाही. किती वेळानं कोण जाणे, बाबांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पत्रकं भिजली त नाही ना वं?” मी त्यांच्या मांडीवर डोकं टेकवून रडले. बुलडाण्यात गर्दीत ती बाई उतरून गेली. नावही विचारलं नाही मी.

बाबांना लगेच दवाखान्यात नेलं; तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पत्रक वाचलं. मी शिव्या खायला तयार होते. त्या एवढंच म्हणाल्या, “संशोधन खरं आहे, पण ते यांच्यासाठी नाही.” मग बाबांना विचारलं, जन्म कधीचा? बहात्तरच्या दुष्काळातला. लहानपणी खायला काय? बाबा हसले. “भेटलं तं खायाचं, बाई.” लहानपणीच्या उपासमारीतून जडणारा मधुमेह वेगळाच असू शकतो, त्यावर आता कुठं जोर लावून अभ्यास चालू आहे, त्या सांगत होत्या. यांचं तसंच असेल असं खात्रीनं नाही म्हणता येणार, पण यांना पोटभर खायलाच हवं, आणि इन्सुलिन त्या बेतानं. मी ऐकत होते आणि कान जळत होते. भुकेनं ज्याचं शरीर पोखरलं असेल, त्याला मी उपाशी राहायला शिकवलं होतं.

विहारातल्या भंतेजींना सारं सांगितलं. ते म्हणाले, आजाऱ्याला गूळ-मध दुपारनंतरही वर्ज्य नाही, तथागतांनीच मोकळीक दिली आहे. लहानपणापासून उपोसथ पाहत आले, तरी हे मला माहीत नव्हतं. ‘बुद्धं सरणं गच्छामि’ हे त्रिसरण तर मी कायम मोर्चातल्या घोषणेसारखं म्हणायचे. पुढच्या पौर्णिमेला पहिली ओळ मी हळू, एकेक शब्द करत म्हटली. शरण जाणं म्हणजे हार, असं वाटायचं मला. तसं नाही ते. आपण चुकलो हे कळलं की मदत कुणाच्या पुडीतून येते हे न बघता हात बाजूला घ्यायचा, तेवढं मला समजलं. बाकी समजायचं आहे. त्या माउलीचं मंगल होवो.

भीती गेलेली नाही. बाबांच्या कपाळावर घाम दिसला की ऊन असलं तरी माझा जीव वरखाली होतो. नवं पत्रक डॉक्टरीणबाईंना दाखवूनच छापलं, ‘काही जणांचा’ सगळ्यांत मोठ्या अक्षरांत. जुन्या पत्रकांचा गठ्ठा जाळला नाही. त्याच्याच कागदात साखरेच्या पुड्या बांधते. एक बाबांच्या सदऱ्याच्या खिशात असते, एक माझ्या पिशवीत. जीपमध्ये कुणाचे हात गार पडले तर.