कोटाची लांबी

नसरुद्दीनने कोट घरी आणून पलंगावर टाकला, तेव्हा मैमुना प्रवासाचे कपडे घड्या करत होती. कोट परत का आला, हे तिने विचारलं नाही. सौदीतल्या हफ्र अल बातिनमध्ये बावीस वर्षं नवऱ्याच्या शिंपीकामाची तुरपाई करून परत आलेला कपडा तिला लांबूनच कळायचा.

आज मंगळवार. गुरुवारी सकाळी रियाधला निघायचं, संध्याकाळचं विमान. रत्नागिरीत लेकीचे, सहरचे, दिवस भरत आले होते. पहिल्या बाळंतपणाला मैमुना पोचली नव्हती. लेकीने ते अजून मनातून काढलं नव्हतं.

कोट फ्रेझर नावाच्या स्कॉटिश इंजिनिअरचा. गुरुवारी वाळवंटात तंबू ठोकून कंपनीतले लोक त्याला निरोप देणार होते, आणि तिथे तो किल्ट नेसणार होता, म्हणजे त्यांच्याकडच्या पुरुषांचा गुडघ्यापर्यंतचा, चुण्यांचा लोकरी घागरा. जानेवारीच्या थंडीत त्यावर काय घालावं, हे त्याला ठरवता येईना. इथले लोक घालतात ती आतून लोकर लावलेली फरवा घालून पाहिली, तर तिच्यात तो अख्खा हरवला. शेवटी कोट शिवायला टाकला आणि मापासाठी किल्टही ठेवून गेला. नसरुद्दीनने कोट थेट पोटरीपर्यंत उतरवला. फ्रेझरने तो घालून आरशात पाहिलं आणि हळूच विचारलं, किल्ट कुठे गेला?

"एवढा लांब कशाला केलात?" मैमुना म्हणाली.

"गुडघे उघडे पडत होते त्याचे. चारचौघांत बरं दिसतं?"

"गुडघे त्याचे, आणि लाज तुम्हाला."

"थंडीही आहे गो."

तिच्यात वाद घालायचं त्राण नव्हतं. कोट बुधवारी गेला नाही, तर नवरा दुकान सोडून गाडी काढणार नव्हता, आणि आता मापात पुन्हा चूक झाली तर सगळंच संपलं. पलंगावर जागा नव्हती म्हणून कोटाबरोबर घरी आलेला किल्ट मांडीवर घेऊनच ती कोटाची शिवण उसवायला बसली. थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं, दर हिवाळ्यात ठणकणारे आपले गुडघे आज गरम आहेत. तिने किल्ट उलटून पाहिला. मागे चुणीवर चुणी, सात-आठ वार लोकर, बेंबीच्या वरपर्यंत.

"ह्याला खाली थंडी वाजायची नाही," ती म्हणाली. "वाजेल ती छातीला. कमरेपाशी संपवा कोट, आत जाड अस्तर घाला."

"निदान मांडीपर्यंत तरी..."

तिने कात्री त्याच्यापुढे धरली. "मग सहरला तुम्हीच सांगा, अम्मी ह्याही वेळी येत नाही म्हणून."

नसरुद्दीनने कात्री घेतली.

बुधवारी तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजनंतर, फ्रेझर दुकानात आला, कोट घालून पाठमोरा वळला, मान वळवून आरशात मागच्या चुण्या पाहिल्या आणि नसरुद्दीनचा हात बराच वेळ हलवत राहिला.

गुरुवारी गाडी गावाबाहेर पडली तरी नसरुद्दीन त्या गुडघ्यांबद्दलच बोलत होता. सुईने सोललेल्या बोटांनी मैमुनाने लेकीला फोन लावला आणि म्हणाली, "निघाले गो." पलीकडून सहर काही बोलली नाही, पण तिने फोनही ठेवला नाही.