पूजेतला मास्क

“मास्क खिळ्याला परत लाव. तुझ्या तोंडचा मग कोन घालनार?”

शेठ ओरडले नाहीत. चहाचा घोट घेत, मोबाईलमध्ये बघत बोलले. माझा हात मास्कच्या पट्ट्यावर होता. तो मी मागे घेतला. कामाचा पहिलाच दिवस होता, आणि मला काम हवं होतं.

संगमनेरच्या बाहेर, नाशिक-पुणे रस्त्याला लागून आमचं गॅरेज. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एक जाळीदार डबा असतो, धुरातली काजळी अडवणारा. तो तुंबला की गाडी चढाला ओढत नाही. मग डबा काढायचा आणि मागच्या पत्र्याच्या खोलीत कंप्रेसरची हवा मारून त्यातली काजळी बाहेर काढायची. ते काम माझं. काजळी पिठापेक्षा बारीक. दार बंद ठेवावं लागे, नाहीतर ती बाहेरच्या धुतलेल्या गाड्यांवर बसायची. गाड्यांची एवढी काळजी. मी तोंडाला पंचा बांधायचो. संध्याकाळी नाक शिंकरलं की सगळं काळं.

माझ्या आधी हे काम माझे चुलते करायचे. आता ते भिंतीला टेकून बसूनच झोपतात. आडवे झाले की दम कोंडतो. मी कामाला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, “खोलीत लई वेळ थांबू नको.” लई म्हणजे किती, ते त्यांनाही सांगता आलं नाही. पावसाळ्यात मलाही खोकला लागला. त्यांच्यासारखाच, कोरडा. आई माझ्याकडे बघायची, मग चुलत्यांकडे.

मास्क दोन मिस्त्र्यांसाठी होता. गाडीला रंग मारताना आलटून पालटून घालायचे. एकमेकांचा घाम त्यांना चालायचा. चहा त्यांना काचेच्या ग्लासात, मला कागदी कपात. मी मनाची समजूत घालायचो, आपले हात काळे असतात म्हणून. त्यांचे हातही ऑइलने काळेच होते. ते मी बघूनही बघत नव्हतो. याचा मला अजून राग येतो. त्यांचा नव्हे, माझा.

मग दसरा आला. सकाळी विहारात वंदना करून मी पांढऱ्या शर्टातच गॅरेजवर गेलो. अंघोळ केलेली, नखं कापलेली. हत्यारांची पूजा मांडली होती. पाने, जॅक, कंप्रेसर, सगळ्यांना हळदकुंकू. आणि मधोमध तो मास्क. त्याच्यावर झेंडूचं फूल.

चहा आला. माझा कागदी कपात. मी माझ्या हातांकडे बघितलं. स्वच्छ होते. मग काजळीचा काही संबंधच नव्हता तर. इतके महिने मी मूर्खासारखा हात घासत बसलो होतो.

तेवढ्यात एक डंपरवाला तुंबलेला डबा घेऊन आला. शेठ म्हणाले, सण असला तरी एवढा मारून घे, शर्ट काढून ठेव. मी कप खाली ठेवला. पूजेपाशी गेलो, फूल बाजूला केलं आणि मास्क तोंडावर चढवला.

शेठनी मोबाईल खिशात टाकला.

“पूजेतला हाय तो. काढ.”

“न्हाई काढनार. ह्याच्याबिगर हवा मारनार न्हाई.”

“मग तुझा चुलता कसा मारायचा?”

“म्हनूनच,” मी म्हणालो.

डंपरवाला डबा तिथेच ठेवून बाहेर सटकला. एका मिस्त्र्याने उठून शटर निम्म्यावर ओढलं. उजेड गुडघ्यापर्यंतच राहिला. दुसरा हातात पाना घेऊन उभा. त्या पान्याचं कुंकू अजून ओलं होतं. ते तिघे, मी एकटा. भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण मास्कमधून आत येणारी हवा निर्मळ होती. त्या जागेत एवढा मोठा श्वास मी पहिल्यांदाच घेतला.

मी पट्टा डोक्यामागे ओढला, घट्ट केला, आणि डब्यावर हात ठेवून उभा राहिलो. आज मारतील. उद्या कामावरून काढतील. काढू देत. दुसऱ्या गॅरेजात जाईन, तिथेही हेच पहिलं बोलेन. आमच्या घरात बसून झोपणारा माणूस एक आहे. दुसरा होणार नाही.