माघीच्या डोळ्याचे पाच फोटो

जव्हारला आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या रस्त्यावर झेरॉक्सची चार-पाच दुकानं आहेत. त्यातल्या एकात माघी भोये बसते. वय चोवीस. सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या लाडक्या भोयेची थोरली मुलगी. बारावीनंतर शिकणं थांबलं, पण अक्षर इतकं स्वच्छ की दाखल्याचा, शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला लोक तिच्याचकडे थांबतात. मी त्या भागात आरोग्यसेविका आहे, तिला शाळकरी असल्यापासून ओळखते. तिच्या बाबतीत जे झालं ते मला अजून पचवता आलेलं नाही.

शहरातलं एक लेसर सेंटर तीन वर्षांपूर्वी जव्हारला शिबिरं घ्यायला लागलं. आमच्याकडची पोरं पोलीस, वनरक्षक, सैन्य अशा भरत्यांसाठी पहाटे उठून पळतात. त्यातल्या चष्मा लागलेल्यांना डोळ्यांच्या तपासणीत बाद होण्याची भीती. सेंटरचा माणूस मुकेश, त्याने हे बरोबर हेरलं. मंगल कार्यालयात तपासणी ठेवायची, आणि ज्याचा डोळा योग्य असेल त्याला शहरात नेऊन लेसरने नंबर काढायचा. नावं लिहायला आणि पाड्यावरच्या आईबापांना त्यांच्या बोलीत समजवायला कोणीतरी हवं होतं. माघी मिळाली.

लेसर सगळ्यांना चालत नाही. बुबुळावर काचेसारखा पडदा असतो, तो पुरेसा जाड आणि नीट आकाराचा असावा लागतो. ते पाहायचं मशीन सेंटरवाले गाडीतून आणायचे. हनुवटी टेकवायची, समोरच्या दिव्याकडे बघायचं, की डोळ्याचा फोटो निघून रंगीत नकाशा उमटतो. हिरवा असला तर बरा, लाल असला तर काळजीचा. मशीन नीट चालतंय का हे बघायला सकाळी कोणाचा तरी डोळा लागायचा.

"माघी, बस गं जरा."

माघी बसायची. दोन वर्षांत पाच वेळा बसली.

नकाशात तिच्या बुबुळाच्या खालच्या भागावर लाल डाग यायचा. तिने एकदा विचारलंसुद्धा, "माझाच लाल कसा येते?"

"मशीन गरम व्हायचंय अजून," तेव्हाचा तंत्रज्ञ म्हणाला.

आणि दुपारी सेंटरचे डॉक्टर लॅपटॉपवर तोच नकाशा पोरांना दाखवायचे. नाव अर्थातच नाही. "बघा, डोळा असा असेल तर लेसर अजिबात करायचं नाही. म्हणून तपासणी महत्त्वाची." माघी बाजूला उभी राहून म्हाताऱ्या माणसांना ते बोलीत सांगायची. आपल्याच डोळ्याचं सांगतोय हे तिला ठाऊक नव्हतं. सेंटरच्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

त्या दोन वर्षांत तिचा चष्मा तीनदा बदलला. एक अक्षर दोन दिसायचं. उन्हात डोळे दिपायचे, खाजायचे, ती चोळत राहायची. फॉर्मवर एकाचा आधार नंबर दुसऱ्याच्या रकान्यात पडला तेव्हा दुकानाचे मालक सगळ्यांसमोर ओरडले. माझ्याकडे ती दोनदा आली होती. मी खाजेचे थेंब दिले आणि पाठवलं. त्या पापात मीही आहे, ते लपवत नाही.

पाचव्या शिबिराला तुषार नावाचा नवा तंत्रज्ञ आला. त्याने सकाळी नेहमीप्रमाणे माघीला बसवलं आणि नकाशा पाहिला. मग मशीनमधली जुनी फाइल उघडली.

"ताई, ही 'डेमो' कोण आहे?"

"कोण डेमो?"

"या नावाने चार फोटो आहेत. आज काढलेला पाचवा त्यांच्याशी जुळतोय. हे सगळे तुमचेच का?"

त्याने पाचही ओळीने लावले. त्यातलेच डॉक्टर पोरांना दाखवायचे, हे माघीने ओळखलं. पहिल्यात डाग लहान होता. पाचव्यात खालचा अर्धा डोळा लाल होता. तुषारने सांगितलं, या आजाराला केराटोकोनस म्हणतात. पडदा पातळ होतो, शंकूसारखा पुढे येतो. लवकर कळलं तर उपचाराने बहुतेकदा तिथेच थांबवता येतो.

"लवकर म्हंजे कधी?"

तुषारने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं.

माघी उठली. हॉलमध्ये चाळीसेक पोरं बसली होती. ती सरळ डॉक्टरांच्या टेबलाशी गेली.

"दोन वर्सं तुमी माझा डोळा लोकांना दाखवला. माला का नाय सांगलं?"

डॉक्टर हसले. "अगं, ते मशीन तपासायला होतं. तू काही पेशंट नव्हतीस. तुझी नोंदच नाही."

"नोंद मीच करत होते ना! वहीत नाव नाय म्हनून डोळा माझा नाय?"

मुकेश धावत आला. "माघी, आत बसून बोलू. चष्मा आपण बदलून देऊ. पोरांसमोर नको."

"पोरांसमोरच. यांना माझा डोळा दाखवताना माला आत बसवलं होतं का?"

डॉक्टर म्हणाले, "आवाज खाली ठेव." ती ठेवेना.

मागच्या खुर्चीवरून तुळशीदास नावाचा पोरगा उठला. वांगणीचा, भरतीच्या तयारीतला. "सर, माझा फोटो काढाल तो मला द्या." मग दुसरा उठला, मग सगळेच. मुकेश म्हणाला, इथे प्रिंटर नाही. माघीने गळ्यातल्या दोरीचा पेनड्राइव्ह काढून तुषारपुढे ठेवला. त्याने डॉक्टरांकडे पाहिलं नाही. एकेकाला मशीनवर बसवलं आणि ज्याचा त्याला मिळावा म्हणून माघीच्या पाचांसकट सगळे नकाशे भरून दिले. त्या दुपारी झेरॉक्सच्या दुकानात रंगीत कागद संपेपर्यंत प्रिंट निघत होत्या. महिन्याभरात तुषारची नोकरी गेली.

मी तिला घेऊन मुंबईच्या सरकारी रुग्णालयात गेले. डाव्या डोळ्यात पिवळे थेंब घालून त्यावर निळसर प्रकाश सोडतात, तो उपचार झाला. आजार थांबला; गेलेली नजर त्याने परत येत नाही. उजव्याचा पडदा इतका पातळ झाला होता की तो उपचारही करता आला नाही. त्याला कडक लेन्स दिली. ती कधीतरी बसते, कधीतरी दिवसभर टोचते. पुढेमागे दुसऱ्याचं बुबुळ बसवावं लागेल, असं तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी पहिला फोटो पाहिला, तारीख पाहिली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हा निघाला त्याच दिवशी हिला इथे पाठवलं असतं तर दोन्ही डोळे वाचले असते."

आम्ही तक्रार केली. सेंटरचं उत्तर आलं: 'सदर नावाची रुग्ण आमच्याकडे कधीही आलेली नाही.' माघीने पाचही प्रिंट जोडून पुन्हा अर्ज टाकला आहे. अर्ज तिने स्वतः लिहिला, डावा डोळा कागदाला टेकवून. मी लिहून देते म्हटलं तर माझ्यावरच डाफरली.

या जानेवारीत त्याच सेंटरने मोखाड्यात शिबिर घेतलं. तिला बोलावलं नव्हतं. ती पहिल्या एसटीने गेली आणि दारात उभी राहिली. आत जाणाऱ्या प्रत्येकाला बोलीत सांगत होती: तपासणी करा, पण फोटो हातात घेतल्याबिगर उठू नका, लाल का आहे ते विचारा. वॉचमनने तिला हटकलं.

"इथे उभं राहायचं नाही."

ती चार पावलं मागे सरली, डांबरी रस्त्यावर आली. "हा रस्ता तुमच्या डॉक्टरचा नाय," म्हणाली, आणि पुढच्या पोराला हाक मारली.